जोखमीचा मोबदला

सन २०२० च्या मार्च महिन्याच्या २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली, ते दिवस आपल्यापैकी कोणीही विसरला नसेल. घरोघरची दारे बंद झाली. परंतु नळाला पाणी येत होते व रस्त्यावरचा कचराही उचलला जात होता. म्हणजेच आपण घरात सुरक्षित होतो तेव्हा कोणीतरी आपल्यासाठी घराबाहेर होते. पंचायतीचा पाणी सोडणारा, नगरपालिकेचा सफाई कामगार, घरोघर चौकशी करीत फिरणारी आशाताई, या साऱ्यांच्या घरीही म्हातारे आईबाप व लहान लेकरे होती. संध्याकाळी घरी परतताना आपण सोबत काय घेऊन जात आहोत, ही धास्ती त्यांच्या मनाला रोज लागून राहिली असेल.

अशा माणसांचे ऋण समाजाने कसे फेडावे? टाळ्या व थाळ्या वाजल्या, ते ठीकच झाले. पण टाळ्यांनी चूल पेटत नाही. पैसा द्यावयाचा म्हटले, तर तो कोणाला, किती व कोणत्या नियमाने द्यावा, हे प्रश्न उभे राहतात. अमेरिकेने स्थानिक संस्थांच्या नोकरांबाबत या प्रश्नांची उत्तरे कायद्याने देण्याचा प्रयत्न केला. तो प्रयत्न समजून घेण्याजोगा आहे.

दिनांक २७ मार्च २०२० रोजी तेथे झालेल्या कायद्याने राज्ये व मोठ्या स्थानिक संस्थांसाठी १५ हजार कोटी डॉलरांचा निधी उभा केला. या निधीतून नोकरांना सरसकट बोनस वाटण्यास तेथील अर्थखात्याने मनाई केली. साथीशी संबंधित धोक्याचे काम करणाऱ्यांना मात्र जोखीम भत्ता देता येत असे. म्हणजे प्रारंभीच एक तत्त्व ठरले: जोखीम ज्याने उचलली, मोबदला त्याला.

पुढच्या वर्षी, ११ मार्च २०२१ रोजी, दुसरा कायदा झाला. राज्ये, शहरे व काउंटी, म्हणजे साधारणतः आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, यांना मिळून ३५ हजार कोटी डॉलर देण्याचे ठरले. त्यातून अत्यावश्यक कामगाराला नेहमीच्या वेतनाव्यतिरिक्त तासाला १३ डॉलरपर्यंत जादा रक्कम देण्याची मुभा होती. मात्र एका कामगारास एकूण २५ हजार डॉलरांहून अधिक देता येत नव्हते. आठवड्याचे ४० तास धरले, तर ही मर्यादा सुमारे ४८ आठवड्यांत पुरी होते. ही रक्कम एकरकमी देता येत असे व २७ जानेवारी २०२० पासून केलेल्या मागील कामासाठीही देता येत असे.

खरी कसोटी पुढेच आहे. लोकांशी प्रत्यक्ष संबंध येणारा, अथवा इतरांनी हाताळलेल्या वस्तू हाताळणारा, तोच पात्र. घरी बसून काम करणारा अपात्र. समजा, एकाच कचेरीत दोन कारकून आहेत. एक खिडकीपाशी बसून नागरिकांची कागदपत्रे घेत होता, दुसरा घरून हिशेब लिहीत होता. दोघेही प्रामाणिक, दोघांचा पगारही सारखा. तरी जादा मोबदला एकालाच. दुसऱ्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा मोबदला कष्टाचा नव्हताच, कष्टाचा पगार दोघांनाही मिळत होता. हा मोबदला धोक्याचा होता.

कमी मिळकतीच्या कामगारांकडे आधी पाहावे, हाही नियमाचा रोख होता. जादा रकमेसह वार्षिक वेतन त्या भागातील सरासरी वेतनाच्या दीडपटीपलीकडे जात असेल, तर बहुतेक प्रसंगी लेखी कारण द्यावे लागे.

मग ही रक्कम कायमच्या पगारातच का मिळवली नाही? कारण निधी तात्पुरता होता. त्यातील कामे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत निश्चित करावयाची व पैसा ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत खर्च करावयाचा, अशी मुदत होती. आटणाऱ्या झऱ्यावर कायमची पाणपोई उभारता येत नाही. तथापि, यातच एक धोकाही दडलेला असतो. एकदा रक्कम हातावर ठेवली की आपले कर्तव्य संपले, असे मालकाला वाटू लागते.

आता आपल्याकडे पाहू. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने कोविडशी झुंजणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचा विमा जाहीर केला. आशाताईंचाही त्यात समावेश होता, ही चांगली गोष्ट झाली. परंतु विम्याची ती रक्कम मिळावयाची ती मृत्यूनंतर, मागे राहिलेल्या कुटुंबाला. जिवंतपणी जोखीम उचलणाऱ्या आशाताईला कोविडच्या कामासाठी महिना १००० रुपये जादा मानधन ठरले, म्हणजे दिवसाला सुमारे ३३ रुपये. शिवाय ती कायद्याने नोकर नव्हेच. तिला स्वयंसेविका म्हणतात. ज्यांचे नाव नोकरांच्या पटावर नसते, त्यांचा विसर सर्वांत आधी पडतो.

वाचकहो, हे सारे सरकारचे काम, असे म्हणून आपण मोकळे होऊ नये. पंचायत आपली आहे आणि ग्रामसभेत बसण्याचा हक्कही आपला आहे. पुढील सभेत दोन साधे प्रश्न विचारा. आपल्या गावचे पाणी सोडणाऱ्याला व झाडू मारणाऱ्याला पगार वेळेवर मिळतो काय? पुन्हा साथ आली, तर त्यांच्यासाठी हातमोजे, औषधपाणी व जोखमीचा भत्ता यांची तरतूद आपण आधीच ठरवून ठेवली आहे काय? संकटात दिलेले बक्षीस गोड लागते खरे; पण दर महिन्याच्या ठरल्या तारखेला हाती पडणारा न्याय्य पगार, हाच कृतज्ञतेचा पहिला हप्ता होय.