गाणे ओठांवर, पण गल्ल्यात काय?

सतराचा पाढा म्हणताना मध्येच गाडी अडते, पण टीव्हीवरच्या जाहिरातीचे गाणे मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तालासुरात येते, असा अनुभव बहुतेक घरांत आहे. तुमच्या आजी-आजोबांना विचाराल तर तेही लहानपणी रेडिओवर ऐकलेली साबणाची नि टूथपेस्टची दोन-चार गाणी सहज म्हणून दाखवतील. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या १९६७ साली आणि दूरदर्शनवर १९७६ साली. तेव्हापासून कंपन्या अशा गाण्यांवर पैसा ओतत आल्या आहेत. त्यामुळे त्यांना त्यातून भरपूर नफा होतच असणार, असे आपण गृहीत धरतो.

पण येथे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. गाणे लक्षात राहते का? लक्षात राहिले म्हणून माल जास्त खपतो का? आणि जास्त खपला म्हणून नफा वाढतो का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले की उरलेल्या दोघांचेही आपण ‘हो’च धरून चालतो. त्यातच घोटाळा होतो. म्हणून एकेक प्रश्न वेगळा घेऊ.

गाणे लक्षात का राहते?

यात नवल काही नाही. मनाचे श्लोक, आरत्या, जात्यावरच्या ओव्या हे सारे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाठांतराने टिकले. यमक पुढच्या शब्दाची आठवण करून देते, ताल ओळ तुटू देत नाही, आणि तेच ते पुन्हा पुन्हा कानावर पडले की प्रयत्न न करताही पाठ होते. जाहिरातीचे गाणे या तिन्ही गोष्टींचा उपयोग करते. शिवाय ते अर्ध्या मिनिटात संपते आणि दिवसातून दहा वेळा ऐकू येते.

मात्र एक प्रयोग घरी करून पाहा. जाहिरातीची पाच गाणी गुणगुणा आणि ती कोणत्या कंपनीची, हे समोरच्याला ओळखायला सांगा. एखाद्या तरी गाण्याची चाल आठवेल, पण मालाचे नाव आठवणार नाही. अशा वेळी गाणे यशस्वी झाले, जाहिरात मात्र फसली.

मिनियापोलिसचा पुरावा

गाण्यामुळे विक्री वाढते याचा एक जुना आणि चांगला पुरावा अमेरिकेत सापडतो. तेथील मिनियापोलिस शहरात ‘व्हीटीज’ नावाचा, गव्हापासून केलेला न्याहारीचा पदार्थ निघाला होता. २४ डिसेंबर १९२६ रोजी, नाताळच्या आदल्या रात्री, चार गायकांनी तेथील रेडिओवर त्याचे गाणे म्हटले. रेडिओवरील जाहिरातगीतांची सुरुवात याच गाण्यापासून झाली असे मानतात.

१९२९ साली व्हीटीज बंद करण्याचा विचार जनरल मिल्स या कंपनीत चालू होता, कारण देशभर त्याला फारसा उठाव नव्हता. तेव्हा जाहिरात विभागाच्या प्रमुखाने विक्रीचे आकडे पुढे ठेवले. एकूण ५३,००० खोकी विकली गेली होती आणि त्यांपैकी ३०,००० एकट्या मिनियापोलिस आणि शेजारच्या सेंट पॉल या भागात. गाणे लागत होते तेही फक्त याच भागात! मग कंपनीने ते गाणे देशभर वाजवले, खप वाढला आणि बंद पडू पाहणारा माल टिकला.

येथे चौकस विद्यार्थी एक शंका काढेल. मिनियापोलिस हे तर कंपनीचेच गाव. तेथे माल जास्त खपणारच, त्यात गाण्याचे काय? शंका योग्य आहे. पण गाणे दुसऱ्या गावांत गेल्यावर तेथेही खप वाढला, म्हणून ती बरीचशी दूर होते. ‘या गोष्टीमुळे ती गोष्ट झाली’ असे म्हणण्यापूर्वी दोन ठिकाणांची तुलना करावी लागते. विज्ञानाच्या तासाला आपण हेच शिकतो.

आधी काय आणि नंतर काय?

आता याच्या उलट उदाहरण पाहू. १९३० च्या दशकात अमेरिकेत मोठी मंदी होती. त्या काळात पेप्सी कंपनीने १२ औंसांची बाटली पाच सेंटला विकायला काढली. कोका-कोलाची साडेसहा औंसांची बाटलीही पाच सेंटलाच मिळत असे. म्हणजे त्याच पैशांत जवळजवळ दुप्पट पेय! पेप्सीचे गाणे या काळातले, आणि ते अतिशय गाजले. ते गाणे लागले आणि पेप्सीचे नशीब उघडले, असे पुष्कळदा सांगितले जाते.

पण सनावळी नीट पाहा. पेप्सीचा नफा दुप्पट झाला तो १९३६ ते १९३८ या काळात, आणि गाणे आले १९३९-४० मध्ये. म्हणजे नफ्याची वाढ आधी सुरू झाली होती आणि तिचे कारण होते मोठी बाटली. गाण्याने तीच गोष्ट आणखी लाखो लोकांच्या कानावर घातली. त्याने मदत केली, पण पाया बाटलीने घातला होता.

आपल्या गुजरातेतील निरमा

असेच एक उदाहरण आपल्या राज्यातलेही आहे. सरकारी खात्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी करणाऱ्या करसनभाई पटेल यांनी १९६९ साली अहमदाबादेत धुण्याची पावडर तयार केली आणि सायकलवरून घरोघर विकायला सुरुवात केली. मुलगी निरुपमा हिच्या नावावरून पावडरीचे नाव ‘निरमा’ ठेवले. निरमाचे गाणे रेडिओवर आले १९७५ साली आणि दूरदर्शनवर १९८२ साली. देशातील बहुधा सर्वांत जास्त लोकांना पाठ असलेले जाहिरातगीत हेच असावे.

निरमा गाण्यामुळे मोठी झाली असे आपण सहज म्हणतो. पण गाणे येण्यापूर्वी सहा वर्षे ती विकली जात होती. ती किलोला साडेतीन रुपयांच्या आसपास मिळे, तर नामांकित परदेशी कंपनीची पावडर तिच्या तीन-चार पट महाग होती. वड्या घासून कपडे धुणाऱ्या मध्यमवर्गीय गृहिणीला पावडर प्रथमच परवडू लागली. गाण्याने तिला नाव लक्षात ठेवायला मदत केली. दुकानात जाऊन ‘पावडर द्या’ म्हणण्याऐवजी ती ‘निरमा द्या’ म्हणू लागली. धंद्यात या फरकाला फार मोठी किंमत आहे, हे खरे.

पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. हिंदुस्थान लिव्हरने १९८७ च्या सुमारास ‘व्हील’ ही स्वस्त पावडर बाजारात आणली. नंतर कानपूरच्या ‘घडी’ने बाजारात जम बसवला. निरमाचे गाणे तेच राहिले, लोकांच्या तोंडीही राहिले, पण पावडरीचा पहिला क्रमांक गेला. गाणेच जर नफा मिळवून देत असते, तर असे का व्हावे?

मोबाइलच्या बाबतीतही तसेच घडले. ए. आर. रहमान यांनी २००२ साली एअरटेलसाठी बांधलेली धून कोट्यवधी लोकांनी हौसेने आपल्या फोनवर घेतली. पण सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ स्वस्त दर घेऊन आले, तेव्हा एअरटेललाही दर उतरवावे लागले आणि नफा घसरला. धून कितीही गोड असली तरी ग्राहक महिन्याचे बिल पाहतोच.

प्रयोगशाळेत काय दिसले?

हा प्रश्न संशोधकांनीही तपासला आहे. जेराल्ड गोर्न यांनी १९८२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका साध्या पेनचे चित्र दाखवताना संगीत ऐकवले. काहींना त्यांच्या आवडीचे चित्रपटसंगीत, तर काहींना न आवडणारे संगीत. नंतर दोन रंगांच्या पेनांपैकी एक निवडायला सांगितले. आवडते संगीत ऐकलेल्यांपैकी १०० तले ७९ जणांनी चित्रातल्याच रंगाचे पेन उचलले. नावडते संगीत ऐकलेल्यांत हे प्रमाण अवघे ३० होते. गंमत म्हणजे, ‘नावडते’ म्हणून निवडलेले संगीत होते भारतीय शास्त्रीय संगीत! आपल्याकडच्या एखाद्या गाण्याच्या क्लासमध्ये हा प्रयोग केला असता, तर निकाल कदाचित उलटा लागला असता. सवय नसलेले संगीत कानाला परके वाटते, एवढाच त्याचा अर्थ.

हा प्रयोग पुष्कळ गाजला. पण १९८९ साली केलारिस आणि कॉक्स यांनी तसेच प्रयोग पुन्हा केले, तेव्हा तो परिणाम त्यांना दिसला नाही. म्हणून एका प्रयोगावरून ‘संगीताने माणूस हवे ते विकत घेतो’ असे छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय फुकट मिळणाऱ्या पेनचा रंग निवडणे वेगळे आणि खिशातून पैसे काढणे वेगळे.

आता हिशेब

तिसरा प्रश्न नफ्याचा. त्यासाठी सातवीचे गणित पुरे. समजा, एका फरसाणवाल्याचे पाकीट २० रुपयांना विकले जाते आणि त्यावर त्याला ४ रुपये सुटतात. गाणे तयार करून ते महिनाभर रेडिओवर वाजवण्याचा खर्च ८०,००० रुपये आला. हा खर्च नुसता भरून निघण्यासाठी २०,००० पाकिटे जास्त खपली पाहिजेत. प्रत्यक्षात १५,००० जास्त खपली असे धरू. विक्री ३ लाख रुपयांनी वाढली, बाजारात नाव झाले. पण हाती आले ६०,००० आणि गेले ८०,०००. म्हणजे तोटा २०,००० रुपयांचा!

मग जाहिरात वाया गेली का? ते पुढच्या महिन्यावर अवलंबून आहे. फरसाण कुरकुरीत आणि ताजे असेल तर गाणे ऐकून आलेला ग्राहक गाणे बंद झाल्यावरही येईल, आणि तेव्हा प्रत्येक पाकिटाचे ४ रुपये खरोखर नफ्याचे असतील. फरसाणाला खवट वास आला तर तो परत येणार नाही, उलट शेजाऱ्यालाही सांगेल. गाणे ग्राहकाला एकदा दुकानापर्यंत आणते. त्याला दुसऱ्यांदा आणण्याचे काम मालानेच करायचे असते.

आपल्या शाळेपुरते

पालकहो आणि विश्वस्त मंडळी, हा विषय आपल्याला दूरचा नाही. मराठी माध्यमाच्या पहिलीच्या वर्गात मुले कमी होत आहेत, ही चिंता आपणा सर्वांना आहे. प्रवेशाच्या दिवसांत एफएम रेडिओवर शाळेचे एखादे छानसे गाणे लावावे, अशी सूचना काही पालकांकडून आली आहे. सूचना उत्साहाची आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पण संस्थेचा पैसा देणगीदारांचा आहे. तेव्हा वरील उदाहरणांवरून तीन गोष्टी आधी करता येतील.

पहिली गोष्ट, आपली ‘१२ औंसांची बाटली’ कोणती ते ठरवणे. पहिलीपासून चांगले इंग्रजी, बडोद्यात राहायचे म्हणून उत्तम गुजराती, आणि घरच्या भाषेत पक्का होणारा पाया, यांपैकी आपण खरोखर काय देतो? जे देत नाही ते गाण्यात घालून उपयोग नाही, कारण पालक दुसऱ्याच महिन्यात ओळखतील. दुसरी गोष्ट, प्रवेश अर्जावर ‘शाळेविषयी कोठून कळले?’ असा एक रकाना ठेवणे. त्याला काहीच खर्च नाही, आणि मिनियापोलिसच्या आकड्यांसारखा पुरावा आपल्या हाती येईल. तिसरी गोष्ट, सुरुवात लहान करणे. गाणे आपल्याच संगीत वर्गाने बसवावे, ते आधी स्नेहसंमेलनात आणि गणेशोत्सवातील कार्यक्रमांत म्हणावे. त्यानंतर चौकशीसाठी येणारे पालक वाढले, तरच रेडिओच्या खर्चाचा विचार करावा.

विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीत एक काम करा. घरात येणाऱ्या दहा वस्तूंची यादी करा. कोणत्या वस्तूचे गाणे तुम्हाला पाठ आहे आणि ती वस्तू घरात नेमकी कशासाठी घेतली जाते, हे आईला किंवा बाबांना विचारून समोर लिहा: किंमत, गुण, सवय की गाणे? पुढच्या अंकासाठी या याद्या वर्गशिक्षकांकडे द्याव्यात.