रोडबाइकवरचा पंप : कोणता घ्यावा, कसा वापरावा



पुण्याहून सोलापूर रस्त्याने भिगवणकडे जाणारे सायकलवाले आता दौंडकरांना नवे राहिलेले नाहीत. यवत, चौफुला, वरवंड, पाटस, कुरकुंभ; रस्ता रुंद, चढ फारसे नाहीत आणि थंडीत पुढे उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी. पण याच रस्त्याच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरच्या बारीक तारा पडलेल्या असतात, आणि आतल्या रस्त्याला लागलं की वेड्या बाभळीचे काटे. पंक्चर होणारच असं धरून निघावं. जादा ट्यूब बहुतेकांच्या पिशवीत असते. अडतं ते हवेपाशी. म्हणून आज फक्त पंपाबद्दल बोलू.

आपल्या घरच्या जुन्या काळ्या सायकलच्या फ्रेमला दोन छोटे खुंट असायचे आणि त्यात पंप अडकवलेला असायचा. सायकल स्टँडवर लावली की पंप काढून पिशवीत टाकायचा, नाहीतर संध्याकाळी तो जागेवर सापडेलच याची खात्री नाही. रोडबाइकचा फ्रेम-पंप हा त्याचाच भाऊबंद. फरक आहे तो दाबाचा. त्या जाड टायरला ४०-५० पीएसआय हवा पुरायची. रोडबाइकच्या २५ मिलिमीटर रुंदीच्या टायरला साधारण ८० ते १०० लागते.

आता थोडं गणित करू. ढोबळच आहे, पण पंप निवडताना तेच कामाला येतं.

पहिली गोष्ट पंपाची जाडी. आतल्या दट्ट्याचा व्यास २० मिलिमीटर असेल, तर ८० पीएसआयला शेवटी साडेसतरा किलोच्या आसपास जोर लावावा लागतो. तोच व्यास ३० मिलिमीटर असेल, तर जवळपास ४० किलो. जाड पंप डोंगरात चालवायच्या सायकलच्या मोठ्या टायरसाठी चांगला, कारण तिथे दाब कमी लागतो. रोडबाइकला तो अर्ध्यावरच अडतो. म्हणून आपला पंप बारीक हवा.

दुसरी गोष्ट लांबी. २५ मिलिमीटर टायरच्या ट्यूबमध्ये जागा असते साधारण एक लिटर. तिथे ८० पीएसआय दाब आणायचा तर बाहेरची साडेपाच लिटर हवा आत कोंबावी लागते. २० मिलिमीटर व्यासाचा आणि ४० सेंटिमीटर दांडा चालणारा पंप एका वेळी सव्वाशे मिलिलिटर हवा ढकलतो. म्हणजे कागदावर ४४ दाब. त्याच व्यासाचा, १२ सेंटिमीटर चालणारा, खिशात मावणारा पंप घेतला तर जवळपास दीडशे. प्रत्यक्षात दोन्हीकडे जास्तच लागतात, आणि छोट्या पंपाला फारच जास्त. का, ते सांगतो.

ट्यूबमधला दाब वाढला की दांडा ढकलल्याबरोबर हवा आत जात नाही. आधी पंपातली हवा दाबली जाते, तिचा दाब ट्यूबपेक्षा वर गेला की मगच व्हॉल्व्ह उघडतो. ८० पीएसआयला ४० सेंटिमीटरपैकी शेवटच्या सहा सेंटिमीटरमध्येच काम होतं. छोट्या पंपात शेवटच्या दोनसुद्धा नाही. त्यात तोंडाशी थोडी जागा मोकळी राहिली, की हवा पंपातच आकसते आणि पसरते, ट्यूबमध्ये जातच नाही. पंप तापतो, आपण तापतो, टायर मात्र मऊच. म्हणून शेवटचे दाब अर्धवट मारू नका. प्रत्येक दाब टोकापर्यंत गेला पाहिजे.

तुम्ही म्हणाल, शंभरेक दाब जास्त, त्यात काय एवढं? मंडळी, ते दाब आपण मारतो कुठे? हायवेच्या कडेला. संध्याकाळची वेळ, उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या, त्यातल्या कित्येकांना मागे दिवा नाही. मोठ्या पंपाने काम दोन-तीन मिनिटांत उरकतं, छोट्याने दहा-बारा मिनिटं तिथेच वाकून उभं राहावं लागतं. पंप निवडताना खरं तर आपण रस्त्याच्या कडेला किती वेळ थांबायचं ते ठरवत असतो. आणि कंटाळून ४० वरच निघालो, तर पुढच्या खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते, दोन भोकं शेजारी-शेजारी.

आता मापाचं. फ्रेम-पंप आतल्या स्प्रिंगच्या जोरावर फ्रेमच्या दोन टोकांत घट्ट बसतो, म्हणून तो वेगवेगळ्या मापांत येतो. वरच्या आडव्या नळीखाली किंवा सीटच्या नळीला लागून किती जागा आहे, ते टेपने मोजूनच घ्या. हल्लीच्या बऱ्याच फ्रेमची वरची नळी उतरती असते, तिथे पूर्ण लांबीचा पंप बसत नाही. मग बाटलीच्या स्टँडशेजारी पट्टीवर बसणारा, त्यातल्या त्यात लांब आणि तोंडाला रबरी नळी असलेला पंप घ्यावा. कार्बन फ्रेममध्ये स्प्रिंगचा पंप रेटून बसवू नये. तिथेही पट्टीच बरी. पंप कुठेही बसवा, जुन्या ट्यूबचं एक कडं कापून त्याने बांधा. खड्ड्यात निसटून चाकात गेला तर पंक्चर परवडलं म्हणायची वेळ येईल.

वापरताना आधी रस्ता सोडून खाली उतरा. टायरच्या आतून हळूच फडकं फिरवा. काटा किंवा तार तिथेच असेल तर नवी ट्यूबही जाणार. रोडबाइकचा बारीक व्हॉल्व्ह असेल तर टोकाचा नट सैल करून एकदा दाबा, फुस्स आवाज आला की मोकळा झाला. पंपाला नळी नसेल तर डाव्या हाताच्या मुठीत पंपाचं तोंड धरा आणि अंगठा आरीच्या मागून घ्या. म्हणजे जोर आपल्याच मुठीत जिरतो. नाहीतर व्हॉल्व्हची दांडी मुळातून तुटते. तोंड काढताना सरळ ओढा, वाकडं नको.

मघाशी कुणी तरी विचारलं, गॅसची नळकांडी का नको? जरूर घ्या. १६ ग्रॅमची एक नळकांडी टायर क्षणात फुगवते. पण ती एकदाच, आणि तो गॅस साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो. ब्रेव्हेमध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, आणि दोन कंट्रोलच्या मध्ये गाडीतून मदत घ्यायची नाही असा नियम आहे. तिसरं पंक्चर झालं तर पंपच लागतो. ट्रकच्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड आपल्या बारीक व्हॉल्व्हला बसत नाही. त्यासाठी छोटा पितळी कनेक्टर जवळ ठेवा, आणि हवा अगदी थोडी थोडी सोडायला सांगा. एक लिटर जागा भरायला कॉम्प्रेसरला किती वेळ लागणार?

पंपाची देखभाल फार नाही. आतल्या वायसरला अधूनमधून दोन थेंब तेल, आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून चिखल पुसणे.

शेवटचं. पंप आणला की घरी एका टायरची सगळी हवा सोडा आणि त्याच पंपाने पुन्हा भरा. दाब मोजा, मिनिटं मोजा, मग गेज लावून बघा. दुकानदार काय म्हणाला, डब्यावर काय छापलंय, ते राहू द्या. ८० पर्यंत पोचलात तर तो पंप सायकलला लावा. नाही पोचलात, तर घरातच कळलं हे बरं झालं.