परकीय पैसा, चौकशी आणि ‘नाही’ची व्याप्ती

हार्बर मार्गावरील शिवडी, कॉटन ग्रीन आणि रे रोड या स्थानकांच्या परिसरात, मुंबई बंदराच्या जमिनीवर, धान्याची, कापसाची व तेलाची कोठारे पसरलेली होती. १९६०च्या दशकात या वस्तीतील गिरणी कामगाराला ‘परकीय’ या विशेषणाचा अर्थ कोशात पाहावा लागत नसे. शिधावाटप दुकानात त्याला मिळणारा गहू व तांबडी मिलो ज्वारी अमेरिकेतून आलेली असे. आणि युनियनच्या कचेरीत वा रस्त्याच्या कडेला त्याच्या हाती पडणारे स्वस्त, उत्तम बांधणीचे मराठी पुस्तक मॉस्कोत छापलेले असे. दोन्ही वस्तू उघडपणे येत व उघडपणे घेतल्या जात. पोटाला लागणारे धान्य परकीय आहे म्हणून कोणी ते नाकारले नाही. परंतु हेच विशेषण ‘पैसा’ या नामामागे आणि ‘निवडणूक’ या संदर्भात येताच त्याचा गुणधर्म पालटला व त्याला शिवीची धार आली. हा पालट कसा घडला आणि त्याविषयीची चौकशी कोणालाही पटेल असे उत्तर का देऊ शकली नाही, हा भाषेच्या अभ्यासकानेही लक्ष घालावा असा प्रश्न आहे.

फेब्रुवारी १९६७ची चौथी सार्वत्रिक निवडणूक काँग्रेसला अनेक राज्यांत प्रतिकूल गेली. मुंबईत दक्षिण मतदारसंघात स. का. पाटील यांचा जॉर्ज फर्नांडिस यांनी पराभव केला. मध्य मुंबईतून कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे लोकसभेवर गेले. पाटील यांनी अन्नमंत्री या नात्याने मे १९६० मध्ये वॉशिंग्टन येथे पी.एल. ४८० खालील मोठा धान्यकरार केला होता, त्यामुळे त्यांच्या विरोधकांना त्यांचा कल कोणत्या राष्ट्राकडे आहे हे सांगणे सोपे होते. डांगे यांचे मॉस्कोशी असलेले वैचारिक नाते तर कोणापासून लपलेले नव्हते. एका व्यासपीठावरून ‘अमेरिकेचे हस्तक’ आणि दुसऱ्यावरून ‘रशियाचे हस्तक’ अशी संबोधने त्या काळात फेकली जात, आणि ती पुराव्याची अपेक्षा ठेवून उच्चारलेली नसत.

याच सुमारास अमेरिकेतील ‘रँपार्ट्‌स’ या नियतकालिकाने तेथील विद्यार्थी संघटनेला सी.आय.ए. गुप्तपणे पैसा पुरवीत असल्याचे उघड केले. त्याचे पडसाद दिल्लीत उमटणे अपरिहार्यच होते. संसदेत मागणी झाली आणि गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी निवडणुकीतील परकीय पैशाची चौकशी गुप्तवार्ता विभागाकडे सोपविली. जून १९६७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्या चौकशीच्या निष्कर्षांविषयी वार्ता प्रसिद्ध केली. अमेरिकेचा आणि कम्युनिस्ट राष्ट्रांचा, असा दोन्हीकडचा पैसा भारतीय राजकारणात आला, असे तिचे तात्पर्य होते. अहवाल उघड करावा आणि अधिक खुली चौकशी व्हावी, अशी मागणी पुढे आली. परंतु अहवाल प्रसिद्ध करणे इष्ट नाही ही भूमिका शासनाने सोडली नाही.

येथे एक वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे, कारण तिच्यावाचून त्या वादाचे स्वरूपच कळत नाही. परकीय पैसा म्हटला की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे डॉलरच्या नोटांची पेटी उभी राहते. १९६७च्या भारतात तशी पेटी आणण्याची गरजच नव्हती. पी.एल. ४८० खालील धान्याची किंमत भारत रुपयांत चुकती करी आणि ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खाती जमा होत. त्यांतील मोठा भाग भारत सरकारला विकासासाठी कर्जरूपाने परत मिळे, काही भाग अमेरिकन वकिलातीच्या खर्चासाठी राहत असे. ही शिल्लक इतकी वाढली की १९७४ मध्ये तिचा निकाल लावताना अमेरिकेचे राजदूत डॅनिएल पॅट्रिक मॉयनिहान यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारताला दिला. दुसऱ्या बाजूस सोव्हिएत संघाशी चालणारा व्यापारही रुपयांतच होत असे. म्हणजे दोन्ही महासत्तांच्या हाती भारतातच भारतीय चलन होते. तो पैसा निवडणुकीत वापरला गेला असे यावरून ठरत नाही. परंतु संशय का दृढ झाला आणि चौकशी का अवघड होती, हे यावरून कळते. सीमेवर अडविता येईल असे काही नव्हतेच. नोट भारतीय होती, तिच्यामागचा हात परकीय असण्याचा संभव होता.

या ‘हाता’कडे भाषेच्या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. ‘हस्तक्षेप’, ‘हस्तक’ आणि पुढे १९७०च्या दशकात रूढ झालेला ‘परकीय हात’ हे तिन्ही प्रयोग एकाच अवयवावरून निघालेले आहेत. ‘हस्तक्षेप’ या शब्दात क्रिया आहे: कोणी, कधी, कशात हात घातला, असे विचारता येते व त्याला उत्तर देता येते. ‘हस्तक’ या शब्दात क्रिया लोपली व माणूस उरला. आता विचारायचे ते केवळ तो कोणाचा, एवढेच. ‘परकीय हात’ यात तर माणूसही लोपला. क्रियेकडून व्यक्तीकडे आणि व्यक्तीकडून निनावी अवयवाकडे होणारा हा प्रवास म्हणजे चौकशीयोग्य विधानाचा चौकशीस अपात्र अशा विधानात झालेला ऱ्हास होय. ज्या वर्षांत अहवाल कुलपात होता, त्याच वर्षांत हा ऱ्हास झाला. हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे.

मुंबईकरांना याहून निराळ्या चौकशीचा अनुभव होता. १९५८ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतविलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांविषयी मुख्य न्यायाधीश मो. क. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईतच, उघड्या दारांनी चौकशी केली. सभागृहात जागा अपुरी पडली म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अर्थमंत्री व अधिकारी काय बोलतात, कोठे अडखळतात, हे लोकांनी स्वतःच्या कानांनी ऐकले, आणि त्यानंतर अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. १९६७ मध्ये हेच छागला केंद्रीय मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री होते, हा इतिहासाचा एक लहानसा उपरोध. परकीय पैशाच्या चौकशीत मात्र ध्वनिक्षेपक नव्हता. शिवाय ज्या पक्षाच्या हाती गृहखाते, तोही संशयितांच्या यादीतून वगळण्याजोगा नव्हता. प्रतिवादी, तपासनीस आणि दप्तरदार एकाच घरातले असले म्हणजे अहवाल खरा असूनही अविश्वसनीय ठरतो.

अहवाल प्रसिद्ध झाला असता तर वाद मिटला असता काय? अमेरिकेतील अलीकडचे उदाहरण या प्रश्नाला सरळ होकार देऊ देत नाही. २०१६च्या अध्यक्षीय निवडणुकीत रशियाने केलेल्या हस्तक्षेपाच्या चौकशीसाठी मे २०१७ मध्ये रॉबर्ट म्यूलर यांची ‘स्पेशल कौन्सल’ म्हणून, म्हणजे न्यायखात्याच्या अंतर्गत पण दैनंदिन देखरेखीपासून बराचसा मोकळा असा विशेष अभियोक्ता म्हणून, नेमणूक झाली. मार्च २०१९ मध्ये त्यांनी अहवाल सादर केला. महान्यायवादी विल्यम बार यांनी दोन दिवसांत चार पानी सारांश प्रसृत केला. काही मजकूर झाकलेला, चारशेहून अधिक पृष्ठांचा मूळ अहवाल एप्रिलमध्ये लोकांपुढे आला. मधल्या साडेतीन आठवड्यांत सारांशाचा अर्थ हाच अहवालाचा अर्थ म्हणून एका पक्षात रूढ झाला होता आणि दुसऱ्या पक्षाने सारांशालाच लबाडी ठरविले होते.

रशियाने व्यापक व पद्धतशीर हस्तक्षेप केला, असे अहवालात निःसंदिग्धपणे म्हटले होते. अध्यक्ष ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने रशियन शासनाशी कट केल्याचे मात्र चौकशीत प्रस्थापित झाले नाही, असा दुसरा निष्कर्ष होता. या दुसऱ्या वाक्यावर सारा वाद एकवटला. मराठीत हा भेद मोठा सुबोध करून दाखविता येतो. ‘कट झाला हे सिद्ध झाले नाही’ आणि ‘कट झाला नाही हे सिद्ध झाले’ या दोन वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत. केवळ ‘नाही’ने जागा बदलली आहे. पहिल्यात नकाराची व्याप्ती सिद्धीपुरती आहे, दुसऱ्यात ती घटनेवर आहे. पहिले वाक्य तपासनिसाच्या हाती काय लागले ते सांगते, दुसरे जगात काय घडले ते. एका पक्षाने पहिले वाक्य दुसऱ्यासारखे वाचले. दुसऱ्या पक्षातील अनेकांनी त्याच वाक्यात तिसरेच काही वाचले: ‘कट झाला, पण सिद्ध झाला नाही’. हेही मूळ वाक्यात नाही. एखादी गोष्ट प्रस्थापित झाली नाही याचा अर्थ तिचा पुरावाच नव्हता असा घेऊ नये, अशी सूचना अहवालाच्या आरंभीच दिलेली होती. ती फार थोड्यांनी वाचली असावी. पुढे त्या तपासाच्या उगमाचीच चौकशी जॉन ड्युरॅम या दुसऱ्या विशेष अभियोक्त्याने केली. मे २०२३ मध्ये त्यांचा अहवाल आला तेव्हा वाचकांचे दोन्ही गट जागा बदलून बसले: काल ज्यांना अहवाल अपुरा वाटला त्यांना आजचा पुरेसा वाटला, आणि उलट.

तथापि दोन प्रसंगांत एक महत्त्वाचा फरक राहतो. अमेरिकेत मूळ वाक्य छापील स्वरूपात उपलब्ध होते. चुकीचे वाचन करणाऱ्यास पान उघडून दाखविता येत होते; तो मान्य करील न करील, हा निराळा भाग. भारतात १९६७च्या अहवालातील ‘नाही’ कोठे होते, हे वाचकाला तपासून पाहता आले नाही. मराठीत ‘सर्व पक्षांनी परकीय पैसा घेतलेला नाही’ असे वाक्य लिहिले तर त्याचे दोन अर्थ होतात: कोणीच घेतला नाही, किंवा काहींनी घेतला, सर्वांनी नव्हे. बोलताना आघाताने अर्थ निश्चित होतो, लेखात संदर्भाने. वर्तमानपत्री वार्तेवरून झालेल्या १९६७च्या वादात आघात ज्याच्या त्याच्या सोयीचा होता आणि संदर्भ कुलपात होता.

म्हणूनच पुढचे पुरावे आले तेही तुकड्यातुकड्यांनी आणि विदेशी ग्रंथांतून. मॉयनिहान यांनी १९७८च्या आपल्या ग्रंथात लिहिले की, केरळ व पश्चिम बंगाल येथे कम्युनिस्टांच्या विजयाची भीती असताना अमेरिकेने दोनदा काँग्रेसला पैसा दिला. इंदिरा गांधींच्या विरोधकांनी तो पुरावा मानला, त्यांनी स्वतः तो नाकारला. २००५ मध्ये के.जी.बी.च्या दप्तरातील वासिली मित्रोखिन यांच्या टिपणांवर आधारलेला ग्रंथ आला व त्यात सोव्हिएत पैशाचे उल्लेख आले. भारतीय जनता पक्षाने स्पष्टीकरणाची मागणी केली. काँग्रेस व कम्युनिस्ट यांनी ग्रंथच अविश्वसनीय ठरविला. एकाच जातीच्या दोन साक्षी. प्रत्येकाने आपल्या प्रतिपक्षाविरुद्धची ग्राह्य मानली.

पक्षभेदांचा हा खेळ एका ठिकाणी मात्र थांबला, आणि ते ठिकाण व्याख्येचे होते. १९७६च्या परकीय अंशदान विनियमन कायद्याने राजकीय पक्षांना परकीय स्रोतांकडून देणगी घेण्यास मनाई केली. ज्या भारतीय कंपनीचे निम्म्याहून अधिक भागभांडवल परकीयांच्या हाती, ती कंपनीही त्या व्याख्येत परकीयच होती. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, लंडनच्या वेदान्त समूहाच्या भारतीय उपकंपन्यांकडून देणग्या घेऊन काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष या दोघांनीही कायद्याचा भंग केला, असा निर्णय दिला. दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१६च्या वित्त अधिनियमाने २०१०च्या नव्या कायद्यातील व्याख्या पूर्वलक्षी प्रभावाने बदलली: विदेशी गुंतवणुकीच्या विहित मर्यादेत बसणारी अशी कंपनी यापुढे, आणि यापूर्वीही, परकीय राहिली नाही. त्यानंतर दोन्ही पक्षांनी आपापली अपिले मागे घेतली. वादातील देणग्या १९७६च्या कायद्याखालच्या असल्याने ही दुरुस्ती अपुरी होती. मार्च २०१८ मध्ये लोकसभेने चर्चेविना संमत केलेल्या वित्त विधेयकाने ती ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत, म्हणजे जुना कायदा अमलात आला त्या दिवसापर्यंत, मागे नेली. एका विशेषणाचा अर्थ बेचाळीस वर्षे मागून बदलण्याचे असे उदाहरण कोशकारांच्या पाहण्यात क्वचितच आले असेल.

ही दुरुस्ती १९६७ पर्यंत मात्र पोहोचत नाही. त्या वर्षी परळ, लालबाग, शिवडी येथील मतदाराच्या दारी आलेल्या प्रचारपत्रकाचा कागद कोणाच्या पैशाने विकत घेतला होता, या प्रश्नापुरता ‘परकीय’ या शब्दाचा अर्थ अजून जुनाच आहे.