देणगीला मर्यादा कशासाठी?

युनियनची वर्गणी गोळा करताना आम्हांला एक प्रश्न हमखास येतो: "दादा, यातले पैसे निवडणुकीला जाणार काय?" प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर कायद्यानेच दिलेले आहे. कायद्याप्रमाणे राजकीय कामासाठी युनियनला वेगळा फंड ठेवावा लागतो. त्यात पैसे देणे ज्याच्या त्याच्या खुषीवर. न देणाऱ्याला युनियनच्या कोणत्याही लाभापासून वंचित ठेवता येत नाही.

आता कंपनीचे पाहू. तिने पक्षाला देणगी द्यायची तर डायरेक्टर बोर्डाचा ठराव पुरतो. भागधारकाला कोणी विचारत नाही. मग ज्याच्या कष्टातून नफा उभा राहिला त्या कामगाराला कोण विचारणार? म्हणूनच येथे मर्यादा हवी.

हा धोका मुंबई हायकोर्टाने १९५७ सालीच ओळखला होता. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय देणग्या देण्याची मुभा हवी होती. मुख्य न्यायाधीश छागला यांच्या कोर्टाने कायद्याला धरून ती दिली. परंतु यात लोकशाहीला धोका आहे, पार्लमेंटने लक्ष घालावे, असेही बजावले. १९६० साली मर्यादा आली आणि १९६९ साली पूर्ण बंदी. १९८५ साली बंदी उठली, पण सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांची अट राहिली. २०१३ साली ती साडेसात टक्के झाली आणि २०१७ साली अजिबात काढून टाकली. तोट्यातल्या कंपनीलाही देणगीचा मार्ग मोकळा झाला! १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

कोणी म्हणतात, निवडणूक महाग झाली, म्हणून मर्यादा सैल करा. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा २०२२ साली २८ लाखांवरून ४० लाखांवर गेली, आणि २०२४ च्या निवडणुकीत तीच होती. परंतु पक्षाने स्वतः करावयाच्या खर्चाला मर्यादाच नव्हती. तळ नसलेल्या रांजणात जास्त पाणी ओतले म्हणून तो भरत नाही. एकाने दुप्पट खर्च केला की दुसऱ्याला चौपट करावासा वाटतो.

शिवाय किमान वेतनाचे दर, कारखान्यांची जमीन, कामगार कायद्यांचे नियम यांवर राज्य सरकारचा हात असतो. त्या टेबलाशी मोठा देणगीदार आणि आम्ही एकाच दिवशी गेलो, तर कोणाचे ऐकले जाईल?

एका निवडणुकीत आम्ही दहा-दहा रुपयांच्या पावत्या फाडल्या. उमेदवार पडला. परंतु पावती घेणारा प्रत्येक जण सभेला येई आणि हक्काने जाब विचारी. मर्यादा उठवली की हा दहा रुपयेवाला निरुपयोगी ठरतो. त्याचे फक्त मत उरते, आणि तेही पाच वर्षांतून एकदा. म्हणून मर्यादा वाढवण्याची भाषा पुन्हा निघाली, तर आपण तिला विरोध केला पाहिजे.