डोळ्यांचेही वेळापत्रक हवे

पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावात उसाला पाण्याची पाळी कधी द्यायची, खताचा हप्ता कधी टाकायचा हे शेतकऱ्याला तोंडपाठ असते. पण डोळे शेवटचे कधी तपासले, असे विचारले की उत्तर मिळत नाही. ‘डोळा दुखत तर नाही ना?’ असे म्हणून विषय संपतो. फसगत होते ती येथेच. दृष्टी नेणारे बरेच विकार दुखतच नाहीत.

काचबिंदूत डोळ्याची नस हळूहळू निकामी होते. बहुधा डोळ्यातील वाढलेला दाब त्याला कारण असतो. सुरुवातीला केवळ कडेचे दिसणे कमी होते, म्हणून रुग्णाच्या ते ध्यानातही येत नाही. गेलेली दृष्टी मात्र परत मिळत नाही; वेळीच औषध घेतल्यास उरलेली टिकवता येते. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडतात. तेव्हाही सुरुवातीला स्पष्ट दिसत असते.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. तो कोणत्याही थेंबांनी विरघळत नाही. शस्त्रक्रिया करून कृत्रिम भिंग बसवणे हाच उपाय आहे. ‘पिकल्यावर काढू’ ही समजूत आता सोडून द्यावी. नित्याच्या कामात अडचण येऊ लागली की शस्त्रक्रिया करता येते. फार पिकलेला मोतीबिंदू काढणे उलट अवघड जाते.

आपल्या भागातील आणखी एक धोका शेतातला आहे. उसाचे धारदार पाते किंवा गव्हाचे कुसळ डोळ्याला लागते. बुबुळावरच्या त्या लहानशा जखमेत बुरशी शिरली की फूल पडून दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा वेळी डोळा चोळू नये. दूध, मध, तूप घालू नये. दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब तर मुळीच टाकू नयेत. त्यांनी बुरशी फोफावते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

खर्चाच्या भीतीने पुष्कळ जण चालढकल करतात. मात्र १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमांतर्गत शासकीय रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया भिंगासह मोफत होते. शाळकरी मुलांची तपासणी करून गरजूंना चष्मेही दिले जातात. चौकशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात करावी. नेत्रशिबिरात तपासणी करून घेण्यास हरकत नाही. शस्त्रक्रिया मात्र रुग्णालयातच व्हावी. आरोग्य विमा असणाऱ्यांनी पॉलिसी नीट वाचावी. मोतीबिंदूसाठी बहुधा काही वर्षे थांबावे लागते आणि चष्म्याचा खर्च सहसा मिळत नाही.

आता वेळापत्रक पाहू. मूल शाळेत घालण्यापूर्वी त्याची एकदा तपासणी करावी. फळ्यावरचे दिसत नसेल किंवा मूल पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल, तर लगेच करावी. चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी डोळ्यातील दाबासह तपासणी करावी. घरात कोणाला काचबिंदू असल्यास ती दरवर्षी व्हावी. मधुमेह असणाऱ्यांनी स्पष्ट दिसत असले तरी बाहुली मोठी करून पडदा दरवर्षी तपासून घ्यावा. रस्त्यावर विकत मिळणारा चष्मा वाचनापुरता चालेलही, पण त्याने डोळ्यांची तपासणी होत नाही.

पिकाची एक पाळी चुकली तर पुढच्या हंगामात भरून काढता येते. गेलेल्या नजरेचे तसे नाही.