चित्राला डबा कोणता?



दरवर्षी टेक फेस्ट जवळ आला की आमच्या लॅबमध्ये एक ठरलेला सीन होतो. वेबसाईट टीममधला एक जण पेन ड्राईव्ह घेऊन पळत येतो. "सर, लोगोच्या मागं पांढरा चौकोन दिसतोय, काय करू?" त्याच्या मागोमाग दुसरा. "सर, होम पेज लई स्लो उघडतंय." पहिल्याने लोगो जेपीजीमध्ये सेव्ह केलेला असतो आणि दुसऱ्याने कासच्या पठाराचा फोटो पीएनजीमध्ये. दोघांनी आपापसात डबे बदलून घेतले असते तरी निम्मं काम झालं असतं!

पण मला हसायचा अधिकार नाही. मी साताऱ्याहून २००३ साली याच हॉस्टेलला राहायला आलो आणि २००५ साली फेस्टची वेबसाईट मी केली होती. त्यात लोगो जेपीजी, फोटो जिफ आणि मराठी मजकूर सगळा चित्रांत. तेव्हा आम्ही सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून नेट वापरायचो. ५६ केबीपीएसच्या मोडेममधून अगदी चांगली लाईन मिळाली तरी सेकंदाला ७ केबी यायचे. माझं होम पेज ३०० केबीचं होतं, म्हणजे ४३ सेकंद. माझा रूम पार्टनर कॅफेत बसून म्हणाला, "लेका, तुझं पेज उघडेपर्यंत माझा चहा पिऊन झाला." तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसला. आणि २०१९ च्या महापुरात तो नुसता स्पीडचा विषय नाही हेही कळलं. ते पुढे सांगतो.

मुळात चित्र म्हणजे किती माल?

आपल्या मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो घ्या. ४००० आडवे आणि ३००० उभे, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाईट. एकूण ३६ एमबी. हा झाला कच्चा माल. तो लहान जागेत बसवायचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग घडी घालायचा. सोलापुरी चादर घडी घालून ट्रंकेत ठेवली, हॉस्टेलला येऊन उघडली, तर चादर जशीच्या तशी. एक धागाही कमी नाही. पीएनजी आणि जिफ हे या जातीचे. दुसरा मार्ग गुऱ्हाळाचा. उसाचा रस घेतला, चिपाड फेकून दिलं. माल एकदम कमी झाला, गोडीही राहिली, पण रसापासून पुन्हा ऊस करता येत नाही. जेपीजी या जातीचा. आपल्या सातारा-सांगलीच्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

जेपीजी : एम-थ्रीचा सूड

"सर, फोरिए सिरीजचा पुढं काय उपयोग?" असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी हा परिच्छेद. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतो. त्या ६४ ठिपक्यांच्या जागी तो दुसरे ६४ आकडे काढतो. पहिला आकडा चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो. बाकीचे सांगतात की उजेड किती हळू किंवा किती झपाझप बदलतो. याला डिस्क्रीट कोसाईन ट्रान्सफॉर्म म्हणतात, फोरिएचाच चुलतभाऊ. इथपर्यंत फेकलेलं जवळजवळ काहीच नाही. मग प्रत्येक आकड्याला एका ठरावीक संख्येने भागून जवळचा पूर्णांक धरतात. झपाझप बदलाचे आकडे मोठ्या संख्येने भागले जातात, त्यामुळे त्यातले बहुतेक शून्य होतात. शून्यांची रांग थोड्या जागेत मावते. हेच आपलं चिपाड.

ही युक्ती चालते, कारण आपला डोळा बारीक खुणांना आणि त्यातही रंगांच्या बारीक बदलांना फारसा ओळखत नाही. म्हणून जेपीजी बऱ्याचदा रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकच ठेवतो, उजेडाची मात्र प्रत्येक ठिपक्याची. कासच्या फुलांच्या गालिच्यात हे कुणाच्या बापाला कळत नाही. ३६ एमबीचा फोटो तीन-चार एमबीत येतो, वेबसाईटच्या आकाराचा केला तर शंभर-दीडशे केबीत.

जाता जाता, या ट्रान्सफॉर्मची कल्पना नासिर अहमद यांची. मूळचे बंगळूरचे, इंजिनिअरिंगची डिग्रीही तिथलीच, मग अमेरिकेत प्राध्यापक. १९७२ मध्ये त्यांनी या संशोधनासाठी अनुदान मागितलं, ते मिळालं नाही. एका परीक्षकाला कल्पना फारच सोपी वाटली! त्यांनी काम सोडलं नाही आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्याबरोबर १९७४ साली पेपर छापला. जेपीईजी हे स्टँडर्ड आलं १९९२ मध्ये. प्रोजेक्टचा टॉपिक गाईडने "हे फारच सोपं आहे" म्हणून परत दिला तर एवढं लक्षात ठेवा.

आता महापुराची गोष्ट

ऑगस्ट २०१९. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलापाशी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. हॉस्टेलची पोरं आणि आम्ही स्टाफ मिळून एका मदत केंद्रावर काम करत होतो. कोण कुठल्या शाळेत, कुठल्या कार्यालयात सुखरूप आहे याची यादी ठेवायची आणि फोनवर सांगायचं. फोन नंबरांची नोटीस करायची होती. घाईत मी पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत, देवनागरी आकड्यांत नंबर टाकले, साईझ कमी व्हावी म्हणून जेपीजी क्वालिटी अगदी खाली ओढली आणि ग्रुपवर सोडली.

ती नोटीस फिरत गेली. कुणी स्क्रीनशॉट घेतला, कुणी कडा कापल्या, कुणी खाली आपल्या मंडळाचं नाव टाकून परत सेव्ह केली. दर वेळी आकार बदलला की ८ बाय ८ चे चौकोन नव्या जागी पडतात आणि नव्याने चिपाड निघतं. संध्याकाळी साताऱ्याहून आईचा फोन. माझी मावशी सांगलीवाडीला असते, तिचा मोबाईल लागत नव्हता. आई म्हणाली, "अरे, दोन तास एका नंबरावर लावतीय, तो माणूस म्हणतो राँग नंबर. आता तर तो चिडाय लागलाय." मी नंबर विचारला. तिनं वाचून दाखवला. शेवटून तिसरा आकडा १ होता, ती ९ वाचत होती.

मी तिच्याकडे पोचलेली नोटीस मागवून बघितली आणि गप्प बसलो. माझीच नोटीस. लाल-पिवळ्याच्या सीमेवर रंग एकमेकांत पसरलेले, अक्षरांभोवती मुंग्या बसल्यासारखे ठिपके, आणि १ च्या गाठीभोवती इतका चिखल की ती ९ वाटावी. मावशी एका शाळेत सुखरूप होती, दुसऱ्या दिवशी तिच्याशी बोलणं झालं. पण त्या रात्री अजून किती घरांत चुकीचा नंबर लागला असेल, हा हिशेब माझ्याकडे नाही.

असं का झालं? अक्षराची कड म्हणजे एका ठिपक्यात लालचं पिवळं होणं, म्हणजे सगळ्यात झपाझप बदल. जेपीजी नेमकं तेच फेकतो. शिवाय लाल आणि पिवळ्यात रंगाचा फरक मोठा, आणि रंग तर चारांत एकच ठेवलेला. आपल्या देवनागरीत शिरोरेषा, काना, मात्रा, अनुस्वार अशा बारीक खुणा जास्त. टिंब गेलं की अर्थ गेला. फोटोसाठी जी हुशारी, ती अक्षरांसाठी घात.

जिफ : म्हातारा पण चपळ

जिफ १९८७ चा, कॉम्प्युसर्व्ह कंपनीचा. यात एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग. चित्राआधी रंगांची एक यादी ठेवायची आणि प्रत्येक ठिपक्याला फक्त यादीतला नंबर द्यायचा. चार रंगांच्या लोगोला हे छान. कासच्या आकाशाला नाही. निळ्याच्या शेकडो छटा यादीत मावत नाहीत, मग आकाशात पट्टे पडतात नाहीतर रवा सांडल्यासारखा दिसतो. माझ्या २००५ च्या वेबसाईटवर अजिंक्यतारा असाच रवाळ दिसत होता.

जिफमधल्या घडी घालायच्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचं पेटंट होतं. १९९४ च्या अखेरीस जिफ लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरकडून पैसे मागायचं ठरलं आणि प्रोग्रॅमर लोक खवळले. त्यातूनच पीएनजी जन्माला आला. अमेरिकेतलं ते पेटंट २००३ मध्ये संपलं, पण तोवर पीएनजी पुढे निघून गेला होता. जिफ आज टिकून आहे तो हलत्या चित्रांमुळे. तिथेही छोटा व्हिडिओ बहुतेक वेळा जिफपेक्षा कमी जागेत मावतो.

पीएनजी : "वरीलप्रमाणे"

मेसच्या रजिस्टरमध्ये आपण एकदा पूर्ण लिहितो आणि खाली "वरीलप्रमाणे" करत जातो. पीएनजी तेच करतो. शेजारच्या किंवा वरच्या ठिपक्यावरून अंदाज बांधतो, फक्त फरक लिहितो आणि मग पुन्हा येणाऱ्या तुकड्यांची घडी घालतो. सर्किट डायग्राम, ग्राफ, कोडचा स्क्रीनशॉट यात पांढरं पांढरंच जास्त, म्हणून फाईल लहान आणि कड धारदार. फोटोत मात्र प्रत्येक ठिपका वेगळा, "वरीलप्रमाणे" लिहायला जागाच नाही, म्हणून मोबाईलचा फोटो पीएनजीत सहज पंधरा-वीस एमबी होतो. दुसऱ्या पोराचं होम पेज स्लो का, ते आलं लक्षात?

पहिल्याचं उत्तरही इथेच. जेपीजीला पारदर्शक हा प्रकारच नाही, म्हणून मागे पांढरा चौकोन. जिफमध्ये ठिपका एकतर पूर्ण दिसतो नाहीतर पूर्ण गायब, त्यामुळे गोल लोगोची कड कुरतडल्यासारखी दिसते. पीएनजीत पारदर्शकपणाच्या २५६ पायऱ्या मिळतात. पीएनजी १९९६ मध्ये वेबचं स्टँडर्ड झाला, पण इंटरनेट एक्सप्लोरर ६ त्याच्या मागे राखाडी रंग दाखवायचा. आमच्या पिढीने त्यावर किती रात्री जागून काढल्या ते विचारू नका.

एसव्हीजी : ड्रॉईंग शीट

इंजिनिअरिंग ड्रॉईंगमध्ये आपण म्हणतो, "या बिंदूवर केंद्र, त्रिज्या ४०, वर्तुळ काढा." एसव्हीजीत ठिपके नसतात, अशा सूचनाच असतात. त्यामुळे कॉलेजचं बोधचिन्ह मोबाईलवर नखाएवढं असो की बॅनरवर दारासारखं, फाटत नाही. २००१ साली हे स्टँडर्ड आलं आणि आज सगळे ब्राउझर ते दाखवतात. लोगो, आयकॉन, फ्लोचार्ट यांच्यासाठी पहिली पसंती. फक्त फोटो यात कोंबू नका.

नवे डबे

गुगलचा वेबपी २०१० मध्ये आला, रस आणि घडी दोन्ही जमणारा, पारदर्शकही. सफारीने २०२० मध्ये तो स्वीकारला आणि मग अडचण उरली नाही. २०१९ चा एव्हीआयएफ त्याहून कमी जागेत बसतो, फक्त बनवायला वेळ जास्त घेतो. एचटीएमएलच्या पिक्चर टॅगमध्ये नवा डबा वर आणि जेपीजी खाली लिहिला की ब्राउझर त्याला झेपेल तो उचलतो.

भिंतीवर चिकटवायची यादी

१. फोटो : वेबपी किंवा जेपीजी, क्वालिटी ७५ ते ८५.
२. लोगो, आयकॉन, आकृती : एसव्हीजी. नाहीच मिळाला तर पीएनजी.
३. स्क्रीनशॉट, ग्राफ, सही-शिक्का : पीएनजी.
४. आधी आकार, मग फॉरमॅट. पेजवर ८०० बाय ६०० ची जागा असेल तर ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे पंचवीस पट ठिपके फुकट.
५. मूळ फाईल जपून ठेवा. बदल तिच्यात करा, जेपीजीवर पुन्हा जेपीजी करू नका.
६. मजकूर मजकूर म्हणूनच टाका.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं. २००५ साली मराठी मजकूर चित्रात टाकायला आमच्याकडे कारण होतं. श्रीलिपीसारखे फॉन्ट समोरच्या मशिनवर नसले की अक्षरांचा कचरा दिसायचा. आता युनिकोड प्रत्येक मोबाईलमध्ये आहे. तरी आपल्या परीक्षेच्या नोटिसा, मेसची बिलं, हेल्पलाईन सगळं अजून चित्रांतच फिरतं. मजकूर कितीही वेळा फॉरवर्ड करा, १ चा ९ होत नाही. त्यातला नंबर दाबला की फोन लागतो, तो शोधता येतो, आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्या मित्राला त्याचा मोबाईल तो वाचून दाखवतो. चित्र टाकायचंच असेल तर त्याखाली नंबर टाईपही करा. दोन मिनिटांचं काम आहे.

पुराच्या नोटिशीची मूळ फाईल मी अजून ठेवली आहे. नव्या बॅचला ती आणि आईकडे पोचलेली, अशा दोन्ही शेजारी शेजारी दाखवतो. दुसऱ्या कुठल्या उदाहरणाची गरज पडत नाही.

असो. शंका असतील तर लॅबमध्ये या. पेन ड्राईव्ह मात्र स्कॅन करून आणा!