आबांचा वस्तरा आणि एक रविवार

डिस्पोजेबल रेझर वापरून फेकणाऱ्या आपल्या पिढीला वस्तरा माहीत असतो तो सिनेमातल्या व्हिलनच्या हातातला. मलाही तसाच होता. गेल्या दिवाळीत पोखर्णीच्या घरी माळा आवरताना आबांची धोकटी अंगावर पडेपर्यंत!

परभणीहून गंगाखेडच्या वाटेवरचं, नृसिंहाचं आमचं पोखर्णी. आबा म्हणजे माझे आजोबा, इथले न्हावी. गावाचं बलुतं आणि कुलदैवताला आलेल्यांच्या बाळांची जावळं, यावर घर चाललं. अण्णांनी मात्र नोकरी धरली आणि धोकटी माळ्यावर गेली. चारचौघांत विषय निघाला की 'आमचे वडील शेती करायचे' एवढंच.

धोकटीत चामड्याचा पट्टा, झिजून खोलगट झालेला पाथर आणि गंजलेला वस्तरा. पात्याच्या शेपटीवर पुसट 'शेफिल्ड'. इंग्लंडचं हे पोलादाचं शहर वस्तऱ्यांसाठी जगभर नावाजलेलं. जर्मनीचं झोलिंगेनही तसंच, त्याच्या तर नावालाच १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे.

मग काय, खोलायचं ठरलं!

आधी खोला

वस्तऱ्यात स्क्रू शोधू नका, नसतोच. पातं आणि मूठ जोडते एक बारीक रिव्हेट. दोन्ही बाजूंना इवलासा वॉशर आणि ठोकून पसरवलेलं डोकं. सर्वांत आधी धारेवर जाड टेप चिकटवा. मग एका बाजूचं डोकं बारीक काणशीने घासा आणि सुंब्याने रिव्हेट हलकेच ढकला. मुठीच्या दुसऱ्या टोकाची रिव्हेट धड असेल तर तिला हात लावू नका.

गंजाला तेल आणि बारीक वॉटर पेपर, घासायचं पाठीकडून धारेकडे. ग्राइंडर अजिबात नको. पातं तापलं की पोलादाचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही. शिंगाची मूठ साबणाच्या कोमट पाण्याने पुसून तेलाचा हात द्या. सेल्युलॉइडची असेल तर आगीपासून लांब, ते भुरकन पेटतं.

मग जोडा

रिव्हेटसाठी साधारण दीड मिलिमीटर जाडीची पितळी तार. वॉशर ओवून दोन्हीकडे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर सोडून कापायची आणि हलक्या हातोडीने ठोकायची. दोन ठोके इकडे, दोन तिकडे. मी जोर लावला. कट्! शिंगाला केसाएवढी चीर.

"काय करायलीस? त्याला असं मारतेत का?" मागे अण्णा उभे.

त्यांनी हातोडी घेतली. दर चार ठोक्यांनी पातं मिटून बघायचे. ते मधोमध बसलं पाहिजे, मुठीला घासलं की धार गेली. फार घट्ट नको, सैल तर नकोच. "आबा मला समोर बसवून शिकवायचे," एवढंच म्हणाले.

पाथर सपाट करून त्यांनी धार लावली. पाठ आणि धार दोन्ही टेकवायची, की कोन आपोआप मिळतो. पाथरावर धार पुढे, पट्ट्यावर मात्र पाठ पुढे. उलटं केलंत तर पट्टाच कापाल!

दाढीची घाई नको. एड्सच्या भीतीनंतर सलूनमध्ये ब्लेड बदलायचा वस्तरा आला तो उगाच नाही. जुना वापरायचाच तर एकट्याने वापरा.

मी अण्णांना सांगितलं, १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायला नकार दिला होता. अण्णा बराच वेळ पट्ट्यावर वस्तरा फिरवत राहिले.

भाऊबीजेला पाहुणे आले तेव्हा वस्तरा शोकेसमध्ये होता, चिरेसकट. कुणीतरी विचारलं, कुणाचा?

"माझ्या वडिलांचा," अण्णा म्हणाले. "न्हावी होते ते."